पंडिता रमाबाई आणि केडगावचा संस्थासंसार

हैदराबादहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीने दौंड सोडले की थोड्या वेळाने केडगाव नावाचे एक लहान स्टेशन मागे पडते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते शेकडो वेळा ओलांडले असेल. बऱ्याच गाड्या तिथे थांबत नाहीत आणि थांबल्या तरी कोणी मुद्दाम उतरत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातली माणसे या स्टेशनचे नाव पत्त्यावर लिहून पैसे पाठवत होती. एका मराठी बाईने तिथल्या माळरानावर विधवा, अनाथ, अंध आणि म्हाताऱ्या बायकांचे अख्खे गाव वसवले होते.

या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आपल्याकडे रमाबाई इतक्या झाल्या आहेत की तरुण मंडळींचा गोंधळ होतो. सती गेलेल्या थोरल्या माधवराव पेशव्यांच्या रमाबाई वेगळ्या, सेवासदनाच्या रमाबाई रानडे वेगळ्या, बाबासाहेबांच्या रमाबाई वेगळ्या. पंडिता रमाबाईंविषयी बोलणे निघाले की गाडी बहुधा त्यांच्या धर्मांतरापाशी अडते. विदुषी होत्या, ख्रिस्ती झाल्या, एवढ्यावर विषय संपतो. आम्ही सारी नोकरी बँकेत काढली, कितीतरी संस्थांचे हिशेब तपासले, आणि त्या सवयीने रमाबाईंचे चरित्र वाचताना आमचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. ज्या काळात बाईला घराचा हिशेबही विचारत नसत, त्या काळात या बाईने एकामागून एक आश्रयगृहे काढली, चालवली आणि मागे टिकतील अशी उभी केली. आपल्या मंडळात दर दोन-तीन वर्षांनी ज्येष्ठांसाठी निवास काढण्याचा विषय निघतो आणि पैसे कुठून आणायचे या प्रश्नावर थांबतो. म्हणून हे चरित्र त्या बाजूने सांगावे असे आम्हाला वाटले.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. हा भाग आजच्या कर्नाटकात येतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. आपल्या बायकोला त्यांनी संस्कृत शिकवले, म्हणून भाऊबंदांचा रोष ओढवला आणि ते रानात आश्रम करून राहिले. रमाबाईंना संस्कृत शिकवले ते मुख्यतः आई लक्ष्मीबाईंनी. मुलगी काही महिन्यांची असतानाच आश्रम मोडला आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते पुन्हा कुठे स्थिरावलेच नाही. पुराणे सांगायची, दक्षिणा येईल त्यावर जगायचे आणि पुढच्या तीर्थाला निघायचे.

मग दुष्काळ आला. पुराण ऐकायला कोणी उरले नाही. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हिंदुस्थान पालथा घालत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांची ही मुलगी शास्त्रार्थ करते, संस्कृतात बोलते, हे पाहून तिथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. कलकत्त्यातला हा सन्मान सगळे सांगतात. आम्हाला त्याच्या आधीची उपासमार जास्त महत्त्वाची वाटते, कारण वीस वर्षांनी केडगावात जे घडले त्याचे मूळ तिच्यात आहे.

भाऊही 1880 साली वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. 1881 साली मनोरमा झाली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पती गेले. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, माहेर नाही, सासर नाही. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. विधवांसाठी एक घर असावे हा विचार तेव्हापासूनचा, पण त्याला पैसे देणारा पुण्यात कोणी पुढे आला नाही.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यावर उलटसुलट पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात आम्ही भर घालत नाही. इंग्लंडात त्यांनी शिक्षण घेतले, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवले, आणि 1886 च्या सुरुवातीस त्या अमेरिकेला निघाल्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होणार होत्या, त्या पदवीदान समारंभाचे हे निमंत्रण होते. समारंभ 11 मार्च 1886 रोजी झाला. ही तारीख लक्षात ठेवा, ती पुढे आणखी दोनदा येणार आहे.

समारंभासाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली, बालवाडीची नवी पद्धत शिकून घेतली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. ते 1887 मध्ये निघाले, त्याच्या हजारो प्रती खपल्या आणि तो पैसा संस्थेच्या कामी आला. पण आम्ही दाद देतो ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनला. पुण्यातल्या विधवागृहाला दहा वर्षे मदत देण्याचे तिने कबूल केले. गावोगाव तिची लहान मंडळे निघाली, त्यांना रमाबाई सर्कल म्हणत. सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षे देत राहायचे.

इथे बँकेतला माणूस थांबतो. एकदाच मोठी देणगी देणारा धनिक शोधण्यापेक्षा हजारो लहान माणसांकडून ठरावीक मुदतीचा शब्द घेणे किती शहाणपणाचे, हे ज्यांनी संस्था चालवली आहे त्यांना सांगायला नको. मोठ्या देणगीची पाटी भिंतीवर लागते, भाजीवाल्याचे बिल मात्र दर महिन्याला येते. रमाबाईंच्या हाती दर वर्षी किती येणार याचा अंदाज होता आणि तो दहा वर्षांपुरता पक्का होता. या मंजुरीला दोन अटी मात्र होत्या. पहिली मुदतीची. दुसरी अशी की संस्थेत कोणत्याच धर्माची शिकवण द्यायची नाही, कारण मदत देणाऱ्यांत निरनिराळ्या पंथांचे लोक होते आणि ज्या घरांतल्या मुली यायच्या ती घरे हिंदू होती. पहिली अट रमाबाईंनी उत्तम सांभाळली. दुसरीने त्यांना फार त्रास दिला.

फेब्रुवारी 1889 मध्ये त्या मुंबईला परतल्या आणि महिनाभरात, 11 मार्च 1889 रोजी, चौपाटीवर शारदा सदन उघडले. सुरुवातीला दोनच मुली होत्या. त्यातली एक गोदूबाई, बालविधवा, तिला तिच्या भावाने आणून सोडले होते. सल्लागार मंडळावर रानडे, भांडारकर, तेलंग अशी नावे होती, म्हणजे लोकांचा विश्वास बसायला हरकत नव्हती. येणाऱ्या मुलींना आपापला आचार पाळण्याची, आपला स्वयंपाक वेगळा करण्याची मुभा होती. रमाबाई स्वतः शाकाहारी होत्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. मुंबई महाग पडते म्हणून 1890 च्या अखेरीस सदन पुण्याला हलले. विधवेचे केशवपन करायचे नाही, तिला शिकवायचे, शिक्षिका किंवा दाई म्हणून तिच्या पायावर उभे करायचे, असे काम सुरू झाले.

त्या दोनपैकी एक मुलगी, गोदूबाई, 11 मार्च 1893 रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून बाया कर्वे झाली. तिसऱ्यांदा तीच तारीख. आम्हाला तारखांचे योग जुळवण्याचा नाद नाही, पण हा योग सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्याच वर्षी पुण्यात वादळ झाले. त्याची सुरुवात खरे तर सदन उघडले त्याच वर्षाच्या अखेरीस झाली होती. न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाने सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचे छापले आणि ते ‘केसरी’च्या हाती लागले. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, ज्या मुलीला वाटेल ती येऊन बसे. कोणाला बोलावले जात नव्हते आणि कोणाला हाकललेही जात नव्हते. रमाबाईंच्या मते यात अट मोडत नव्हती. पालकांच्या आणि सल्लागारांच्या मते मोडत होती. ज्या बाईने मुलीला वैधव्याच्या नरकातून बाहेर काढले, तिच्या उघड्या दाराकडे मुलगी ओढली जाणारच. ऑगस्ट 1893 मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी सुमारे 25 मुली काढून नेल्या.

या वादात कोण बरोबर, हे शंभर-सव्वाशे वर्षे लोक भांडत आले आहेत. आमचे मत असे की रमाबाईंच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण संस्था चालवणाऱ्याने दिलेल्या शब्दाचा अर्थ समोरच्याने काय घेतला हेही पाहायचे असते. पालकांनी घेतलेला अर्थ उघड होता आणि रानडे-भांडारकरांसारखी सुधारकी माणसे रमाबाईंच्या बाजूची असूनही त्यांनी हात काढून घेतला, यात काहीतरी आहे. दुसऱ्या बाजूने असेही आहे की ज्या मुली नेल्या त्यांचे पुढे काय झाले याची काळजी राजीनामे देणाऱ्यांतल्या किती जणांनी केली, हा प्रश्न पुण्याने स्वतःला फारसा विचारला नाही. बोस्टनहून समितीच्या एक बाई स्वतः पुण्याला येऊन राहिल्या, त्यांनी सारे पाहिले आणि रमाबाईंच्या पाठीशी राहायचे ठरवले. म्हणून पैसा चालू राहिला.

या वादातून एक चांगली गोष्टही निघाली. धर्मांतराची भीती नको असलेले विधवागृह हवे, हे आता सगळ्यांना पटले. कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला आणि त्यातून केवढा वृक्ष झाला ते आपण जाणतो. बाया कर्व्यांनी त्या आश्रमासाठी जन्मभर कष्ट केले. बायकांचे घर कसे चालते, हे त्या शारदा सदनात शिकल्या होत्या. रमाबाईंच्या संस्थांचा हिशेब मांडताना हिंगणे त्यांच्या खात्यात जमा धरता येणार नाही, पण टीप म्हणून तरी नोंदवावे लागेल.

आता पहिल्या अटीकडे, म्हणजे मुदतीकडे वळू. दहा वर्षे 1898 च्या सुमारास संपणार होती. आमच्या अनुभवात अनुदानावरच्या संस्था शेवटच्या वर्षापर्यंत अनुदान वाढेल या आशेवर बसतात आणि मग धावाधाव करतात. रमाबाईंनी दोन-तीन वर्षे आधीच पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर, पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, केडगावला सुमारे 100 एकर जमीन अमेरिकेतल्या हितचिंतकांच्या मदतीने घेतली. विहिरी खणायच्या, फळझाडे लावायची, शेती करायची आणि अमेरिकेचा डॉलर थांबला तरी बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, असा बेत होता. जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा, बाईमाणूस शेती काय करणार म्हणून हसणारे असतीलच. पण रेल्वे दारात होती आणि जमीन शहरापेक्षा स्वस्त होती. आमच्यापुढे कोणी असा प्रस्ताव आणला असता तर पाण्याबद्दल शेरा मारून आम्ही तो मंजुरीला वर पाठवला असता.

बागेला फळ धरायच्या आधीच त्या जमिनीवर माणसे उतरली. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. नर्मदाखोऱ्यातल्या बातम्या ऐकून रमाबाईंना स्वस्थ बसवेना. स्वतःच्या आईबापांचे आणि बहिणीचे मरण त्यांनी पाहिले होते. त्या उठून तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रे आणि मदतछावण्या पाहिल्या, तिथे तरुण मुलींवर डोळा ठेवून फिरणारी माणसे पाहिली आणि मुली गोळा करून पुण्याला पाठवायला सुरुवात केली. सुमारे 300 मुली त्यांनी आणल्या.

आणि नेमका त्याच वेळी पुण्यात प्लेग शिरला. एका आवारात इतकी माणसे ठेवायला अधिकारी परवानगी देईनात. मुली परत कुठे पाठवणार? त्यांना केडगावला नेले. शेतावर राहण्यासारखी इमारत नव्हती, गवताची छपरे आणि तंबू उभारून दिवस काढले. प्लेगच्या त्या धामधुमीत सदनातल्या एका मुलीला इस्पितळात नेले गेले आणि तिची तिथे जी परवड झाली ती कळल्यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रातून सरकारच्या प्लेग व्यवस्थेवर उघड टीका केली. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. सरकारच्या मर्जीवर आणि परदेशी मदतीवर अवलंबून असलेली बाई सरकारला जाब विचारते, ही गोष्ट तेव्हाच्या पुण्यालाही नवीनच होती.

1898 साली रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि त्यांनी दहा वर्षांचा हिशेब असोसिएशनपुढे ठेवला. जुन्या असोसिएशनच्या जागी नवी अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तटस्थतेची अट गळाली. केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच वाढले. ज्यांना हे आवडत नाही त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही, पण निदान आता पाटीवर एक आणि आत दुसरे असे काही राहिले नाही, दोन्ही बाजूंना आपण कुठे आहोत ते कळत होते.

1900 च्या आगेमागे गुजरात आणि काठेवाडात दुष्काळ पडला. आपल्या बडोद्याच्या मंडळींच्या घरांत छप्पन्नचा दुष्काळ म्हणून त्याची आठवण अजून निघत असेल, कारण संवत 1956 चा तो. रमाबाईंनी आपल्या बायका तिकडे पाठवल्या आणि शेकडो मुली केडगावला आल्या. मुक्तीतली वस्ती 2,000 च्या घरात गेली. तीन-चार वर्षांत एवढी वाढ! कोणत्याही व्यवस्थापकाची झोप उडावी असा हा आकडा आहे. आलेल्यांतल्या कितीतरी जणी हाडांचा सापळा होऊन आल्या होत्या, अनेक जणी आल्यावर वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांना भाषा येत नव्हती, रोग होते, भुकेमुळे आणि भीतीमुळे एकमेकींच्या ताटातले ओरबाडण्याची सवय लागलेली होती.

हे निभावले कसे, तर शारदा सदनातल्या जुन्या मुलींमुळे. सात-आठ वर्षे शिकून तयार झालेल्या विधवा आता शिक्षिका आणि गृहमाता झाल्या. नव्या मुलींचे गट पाडायचे, प्रत्येक गट एका जुन्या मुलीच्या हवाली करायचा, तिने त्यांना न्हाऊमाखू घालायचे, जेवू घालायचे, अक्षर शिकवायचे. बाहेरून पगारी माणसे आणून हे जमले नसते, आणि आणायला पैसेही नव्हते. 1893 मध्ये पुण्याने 25 मुली काढून नेल्या तेव्हा ज्या राहिल्या, त्यांच्याच वर्गातल्या या बायका. आज वृद्धाश्रम काढायचे म्हटले की जागा, लिफ्ट, रुग्णवाहिका यांची यादी आधी होते. पहाटे तीन वाजता उठून कोणाच्या अंथरुणाशी कोण जाणार, हा प्रश्न यादीत शेवटी येतो.

सगळ्यांना एकाच छपराखाली न कोंबता रमाबाईंनी गरजेप्रमाणे वेगवेगळी घरे केली. शारदा सदन शाळा म्हणून राहिले आणि पुण्याहून केडगावलाच आले. मुक्ती सदन दुष्काळातल्या मुलींचे. समाजाने पाऊल घसरलेली म्हणून टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन, आणि ते मुद्दाम वेगळे ठेवले. म्हाताऱ्या आणि अपंग बायकांसाठी प्रीती सदन. लहान मुलांसाठी सदानंद सदन. अंधांसाठी बार्तीमी सदन, हे नाव बायबलातल्या आंधळ्या बार्तीमयावरून. मनोरमा तोवर अमेरिकेत शिकून आली होती, येताना ब्रेल लिपी शिकून आली, आणि केडगावच्या अंध मुली बोटांनी वाचू लागल्या. प्रत्येक घराची सोय निराळी, पण शेत, स्वयंपाकघर आणि दवाखाना सर्वांचा मिळून. आज ज्याला आपण समूह म्हणतो त्याचा सांगाडा हाच.

प्रीती सदनाबद्दल दोन शब्द जास्त लिहावेसे वाटतात. आश्रयगृह काढणारे बहुधा मुलांसाठी काढतात, कारण मूल शिकते, मोठे होते, फोटो चांगला येतो आणि देणाऱ्याला आपल्या पैशाचे फळ दिसते. म्हातारी बाई काही मोठी होणार नसते. तिच्यावर खर्च करायचा आणि ती गेल्यावर तिच्या जागी दुसरी घ्यायची, एवढेच. दुष्काळातून मुलींबरोबर अशा बायका आल्या तेव्हा रमाबाईंनी त्यांना परत लावले नाही, त्यांच्यासाठी घर केले. उत्पन्नाच्या बाजूला काहीच न लिहिता येणारे हे खाते त्यांनी कायमचे उघडे ठेवले.

उत्पन्नाची बाजू मात्र त्यांनी दुर्लक्षली नाही. मुलींनी शेतात काम करायचे, गाईम्हशी सांभाळायच्या, विणायचे, शिवायचे, तेलाचा घाणा चालवायचा, भाकरी-पाव भाजायचे, टोपल्या आणि वेताचे काम करायचे. यातून गावाची गरज भागे आणि मुलीला हातात धंदा मिळे. छापखाना निघाला आणि खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत सारे बायकाच करू लागल्या. ‘मुक्ती प्रेयर बेल’ नावाचे इंग्रजी पत्रक तिथेच निघे आणि देणगीदारांना जाई, म्हणजे पैसे कुठे गेले ते देणाऱ्याला घरबसल्या कळे. दहा वर्षांची हमी आता नव्हती. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या लहानमोठ्या देणग्या आणि शेताचे उत्पन्न यांवर एवढा डोलारा उभा होता. रमाबाई म्हणत की आपण देवावर भार टाकून चालतो. आम्ही त्यात एवढेच जोडू की त्या विहिरीही खणत होत्या.

आपल्या हैदराबादकरांसाठी एक धागा इथे आहे. 1912 च्या सुमारास रमाबाईंनी निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला, मुलींच्या शिक्षणाचे काम सुरू केले आणि त्यात मनोरमेने पुढाकार घेतला. गुलबर्गा आणि केडगाव एकाच रेल्वेमार्गावरची ठिकाणे. पुण्यामुंबईच्या सुधारकांची नजर सहसा जात नसे अशा मराठी-कानडी-उर्दू मुलखात त्या काळी मुलींची शाळा काढणे ही लहान गोष्ट नव्हती.

कैसर-ए-हिंद पदक 1919 मध्ये मिळाले. त्याचे रमाबाईंना फार काही वाटले असेल असे दिसत नाही. कानांनी ऐकू कमी येत होते, तब्येत उतरली होती, आणि त्यांचे मन बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतले होते. साध्या बाईला समजेल असे बायबल हवे म्हणून त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षे एकटीने काम करत राहिल्या.

संस्थेच्या दृष्टीने सर्वात मोठा प्रश्न मात्र निराळा होता. रमाबाईंनंतर कोण? उत्तर सगळ्यांना ठाऊक होते, मनोरमा. ती शिकलेली, शारदा सदनाची मुख्य, अंधांची शाळा तिची, गुलबर्गा तिचे. आईचा स्वभाव करारी, लेकीचा मऊ, आणि माणसे दोघींनाही मानत. 24 जुलै 1921 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमा वारली. रमाबाई तेव्हा 63 वर्षांच्या होत्या. नवरा, आईबाप, भाऊ, बहीण सारे गेल्यावर चाळीस वर्षे हे एकच माणूस त्यांच्याजवळ होते.

वारस म्हणून तयार केलेले माणूस अचानक गेले की संस्था बसतात, असे आम्ही पाहिले आहे. संस्थापकाला दुसरा विचार सुचत नाही, आणि सुचला तरी तो मनाला मान्य होत नाही. रमाबाईंना त्यानंतर जेमतेम आठ महिने मिळाले. त्या अवधीत त्यांनी कारभार वर्षानुवर्षे बरोबर काम केलेल्या सहकाऱ्यांकडे जाईल अशी व्यवस्था केली. रक्ताचा वारस उरला नव्हता, पण सदन एकटीच्या नावावर कधीच चालत नव्हते. गृहमाता होत्या, शिक्षिका होत्या, शेत, दवाखाना आणि छापखाना चालवणाऱ्या बायका होत्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली का, हा प्रश्न आलाच नाही.

5 एप्रिल 1922 रोजी पहाटे रमाबाई गेल्या. बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी शेवटच्या दिवसांत पुरे केले होते. केडगावच्या छापखान्यात त्यांच्याच मुलींनी खिळे जुळवले, मुद्रिते तपासली, फर्मे बांधले, आणि 1924 साली ते पुस्तक बाहेर आले. मुक्ती मिशन आजही केडगावला चालू आहे.